रंगूबाईच्या रहाटाचं गाऱ्हाणं

मित्रांनो, रहाट म्हटलं की तुम्हाला विहिरीवरचा, पाणी ओढणारा रहाट आठवेल. मी तो नव्हे. मी कोष्ट्याच्या घरातला, कांड्या भरायचा जुना रहाट आहे. एक लाकडी चाक, त्याला एक मूठ, समोर लोखंडाची बारीक चाती आणि दोघांना जोडणारी सुती दोरी, एवढाच माझा देह. मूठ फिरवली की चाक फिरतं, चाकाबरोबर चाती भरभर फिरते आणि चातीवर बसवलेल्या पोकळ कांडीवर सूत गुंडाळलं जातं. ती कांडी धोट्यात घालतात. धोटा मागावर इकडून तिकडे पळतो आणि कापड होतं. कांडी संपली की माग थांबतो. दुसरी भरलेली कांडी हाताशी असेल तरच तो पुढे चालतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ज्यांना हे पक्कं ठाऊक होतं, त्यांनीच ते एके दिवशी नाकारलं.

माझा जन्म विट्याचा. जोतीराम कोष्ट्याचं लग्न झालं आणि पहिल्या दिवाळीच्या आधी तो सुताराकडे आला. चाकाला सागाच्या फळ्या आणि चाकाच्या मधल्या तुंब्याला बाभळीचं लाकूड त्याने स्वतः निवडलं. सुतार मूठ तासायला लागला तेव्हा जोतीराम त्याच्या डोक्यावर उभा होता.

"लय जाड नगं करूस," तो म्हणाला. "बारीक हात हाय तिचा."

"कुणाचा रं?" सुताराने मुद्दामच विचारलं.

"घरातलीचा."

"आरं, मग हाताचं माप तरी आणायचं. आण जा, दोरीनं मोजून आण!"

सुताराच्या पडवीत बसलेली माणसं हसली. जोतीराम लाजला, पण दुसऱ्या दिवशी खरोखरच सुताची दोरी घेऊन आला. त्या मापावर माझी मूठ झाली. मित्रांनो, मी लाकूड असलो तरी एवढं मला कळलं, की ज्या माणसाने बायकोच्या मुठीचं माप आणलं, त्याच्या घरात आपण सुखाने राहू. मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

रंगूबाई उंब्रजकडची. ती अंगाने किरकोळ आणि बोलायला मोकळी होती. सकाळचं पाणी, झाडलोट, भाकरी आटोपली की ती माझ्यापुढे बसायची. डाव्या हाताच्या दोन बोटांतून सूत सोडायची आणि उजव्या हाताने मूठ फिरवायची. कांडी भरली की अंगठ्याने दाबून बघायची. मऊ लागली तर उलगडून पुन्हा भरायची. पलीकडे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जोतीराम बसलेला असायचा. तो न बघताच मागे हात करायचा आणि त्या हातात भरलेली कांडी पडायची. कधी उशीर झाला तर तो ओरडायचा, "अगं, माग उभा ऱ्हायला की!" मग ती म्हणायची, "उभा ऱ्हाऊ द्या जरा. त्याला तरी कवा बसाय मिळतंय?"

दिवाळीच्या आधी तर भाकरी भाजतानाही तिचं लक्ष मागाच्या आवाजाकडे असायचं. आवाजावरून तिला कळायचं की कांडी संपत आली. ती तव्यावरची भाकरी तशीच ठेवून उठायची. कितीदा तरी त्या घरात करपलेली भाकरी खाल्ली गेली आणि कोणी कुणाला बोललं नाही.

कऱ्हाडचा व्यापारी जोतीरामच्या हातचं लुगडं उलटसुलट करून बघायचा आणि म्हणायचा, "जोतीराम, तुझा काठ बगावा. कुठं ढिला न्हाई, कुठं ताठ न्हाई." जोतीराम घरी येऊन हे सांगायचा. रंगूबाई ऐकून घ्यायची आणि माझ्या चातीला तेलाचं बोट लावायची. काठ सारखा येतो तो सारख्या भरलेल्या कांडीमुळे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ते बोलून दाखवायची गरज त्या वेळी कुणाला वाटली नाही. मूलबाळ नव्हतं, पण घरात आवाज होता. माझी घरघर आणि मागाची खटखट.

मग लढाई आली. लढाई लांब होती, पण तिने पहिला हात आमच्या सुतावर घातला. गिरणीचं सूत पलटणीच्या कापडाला जायला लागलं. सुतावर कंट्रोल बसला. पूर्वी बाजारातून गठ्ठा आणावा तसा मिळायचा. आता रांगेत उभं राहायचं आणि मिळेल तेवढं आणायचं. गल्लीत एकेक माग गप्प होऊ लागला. तरणी पोरं पलटणीत गेली. काही जण दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजायला लागले. ज्यांची बोटं केसासारखा धागा जोडायची ती बोटं खोऱ्याच्या दांड्याला फुटली. आमचा माग कसाबसा चालू होता.

अशा दिवसांत एकदा गल्लीत दवंडी फिरली. सरकारची माणसं घरोघर येणार. घरात माणसं किती, कामाला हात किती, रिकामे किती, ते विचारणार. खरं सांगा. विणकामात जेवढे हात, त्या मानाने घराला सूत ठरवून मिळेल.

रंगूबाईने हे माझ्यापुढे बसूनच ऐकलं. तिचा हात थांबला. ती जोतीरामला म्हणाली, "आवं, ऐकलंसा का? हाताच्या मानानं सूत. आपल्या घरात दोन हात हायेत की."

"बघू," जोतीराम म्हणाला.

संध्याकाळी चौंडेश्वरीच्या देवळात गल्लीतले पुरुष जमले. तिथे काय ठरलं ते शेजारच्या बनुबाईने येऊन सांगितलं. बनुबाई विधवा होती, दुसऱ्यांच्या कांड्या भरून पोट भरायची आणि तिला सगळं आधी कळायचं.

"आप्पासोनं सगळ्यांच्या डोक्यात भरवलंय," ती म्हणाली. "म्हणं जास्त हात सांगितलं तर सरकार म्हणंल, ह्यांच्याकडं मिळवतं लय हायेत, ह्यांना कशाला सूत? आनी बायका काम करत्यात असं सांगितलं तर आब जातुय म्हणं. एकानं बी बायकूचं नाव सांगायचं न्हाई असं ठरलंय."

आप्पासो गल्लीतले वडीलधारे. त्यांचे तीन माग होते आणि त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

रंगूबाई हसलीच. "आनी त्यांच्या तीन मागाच्या कांड्या कोण भरतंय? आब भरतोय व्हय?"

बनुबाई तोंडाला पदर लावून हसत गेली. पण जोतीराम देवळातून आला तेव्हा रंगूबाई हसत नव्हती. तिने त्याला पाणी दिलं आणि समोर बसली.

"मी सांगते ते ऐका," ती म्हणाली. "सूत कमी आलं तर माग बंद पडंल. माग बंद पडला तर तुमाला बाहेरगावी जावं लागंल. मी एकटी हितं ऱ्हाणार न्हाई. मला माझं नाव कागदावर बघायची हौस न्हाई. पर सूत पायजे असंल तर माझं नाव सांगा. खरं हाय तेवढंच सांगा."

जोतीरामने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "सांगतो."

"गळ्याची आन?"

"अगं, सांगतो म्हटलं न्हवं."

तिने आण सोडून दिली. त्याचा शब्द तिला पुरला. मलाही पुरला.

दुसऱ्या दिवशी पाहणीचे एक कारकून साताऱ्याहून आले. तरुण होते आणि उन्हाने दमले होते. गल्लीतली माणसं घोळक्याने त्यांच्या मागोमाग दारोदार फिरत होती. आमच्या ओसरीवर ते टेकले तेव्हा आप्पासो आणि आणखी काही जण दारातच उभे राहिले. रंगूबाई आत माझ्यापुढे बसून कांडी भरत होती. दार उघडं होतं. ती मुद्दाम तिथे बसली होती, की विचारायला आलेल्या माणसाला दिसावं.

कारकुनाने विचारलं, "माग किती?"

"एक."

"चालू की बंद?"

"चालू हाय, सूत असंल तवा."

"जनावरं?"

"एक शेळी."

शेळी लिहिली गेली. मग त्यांनी विचारलं, "विणकामात माणसं किती?"

जोतीरामने दाराकडे बघितलं. दारात आप्पासो उभे होते. नंतर त्याने खाली बघितलं.

"मी एकलाच," तो म्हणाला.

कारकून भले होते. त्यांनी मान वळवून आत पाहिलं. "आणि या बाई? त्या काय करतात?"

"ती व्हय? ती काय न्हाई करत. घरात असती."

"हात तर चालू दिसतोय त्यांचा."

आता आप्पासोच बोलले. "सायेब, बाईमाणसाला रिकामं बसवत न्हाई. नुसतीच फिरवती आपलं. करमणूक."

दारातली माणसं हसली. ज्यांच्या घरी त्याच वेळी कांड्या भरल्या जात होत्या, तीसुद्धा हसली. कारकुनाने पुन्हा जोतीरामकडे बघितलं. अजूनही त्याला बोलता आलं असतं. पण त्याने मान हलवली. हो, असंच आहे, अशी. कारकुनाने लिहिलं आणि ते उठले.

मित्रांनो, तेवढा वेळ रंगूबाई माझी मूठ फिरवत होती. ती थांबली नाही. पण तिच्या डाव्या हातातलं सूत कधीच तुटलं होतं. रिकामी चाती फिरत होती. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच फुकट फिरलो, आणि ज्याने मला तिच्या हाताच्या मापाने घडवून घेतलं, त्यानेच मला तसं फिरायला लावलं.

माणसं गेल्यावर ती म्हणाली, "काल काय कबूल केलं हुतं?"

"चारचौघांत काय सांगणार? बायकूच्या जिवावर जगतो म्हणून?"

"न्हाई. दोघं मिळून जगतो, एवढंच सांगायचं हुतं. त्येला कसली लाज?"

"सगळ्या गल्लीनं ठरवलं हुतं."

"गल्लीला कांडी मागताय व्हय तुमी, माग उभा ऱ्हायला की?"

त्या दिवसापासून ती कांड्या भरायची, पण त्याच्या हातात द्यायची नाही. टोपलीत टाकायची. त्याने वळून घ्यायच्या. वळून घेताना मागाच्या खाली दाबायच्या पावड्यावरून त्याचा पाय सुटायचा आणि ठेका मोडायचा. ते घरात नवीन होतं.

सूत आलं ते एका हाताच्या मापाचं. साऱ्या गल्लीला तसंच आलं. कागदावर गल्लीत माग होते, पण हात निम्मेच होते, मग निम्मंच सूत. पुरुष कचेरीत जाऊन भांडले. तिथे त्यांना सांगितलं गेलं, "तुम्हीच सांगितलंत ना?" तोंड पाडून सगळे परत आले. आप्पासोंचं फारसं बिघडलं नाही. त्यांची व्यापाऱ्यांत ओळख होती, त्यांना कुठून तरी सूत मिळायचं. बाकीचे माग महिन्यातले निम्मे दिवस झाकून ठेवायला लागले. आमचाही.

मग जे व्हायला नको म्हणून तिने शब्द मागितला होता, तेच झालं. जोतीराम लोणंदला रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलायला गेला. जाताना तो दारात घुटमळला. "लढाई सपली की येतो बग," म्हणाला. तिने शिदोरीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. "जपून उचला," एवढंच म्हणाली. बऱ्याच महिन्यांनी तिने काहीतरी त्याच्या हातात दिलं होतं.

ती एकटी राहिली. माझ्यापुढे बसून आप्पासोंच्या मागाच्या कांड्या भरू लागली. होय, त्याच आप्पासोंच्या, ज्यांना ती करमणूक वाटली होती. पोटाला दुसरं काही नव्हतं. ती आता कांडी दाबून बघायची नाही. भरली की टोपलीत टाकायची. आवाज फक्त माझाच उरला होता. मागाची खटखट नसली की माझी घरघर किती मोठी वाटते, ते मला तेव्हा कळलं.

पाऊस सरता सरता तिला हिवताप आला. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. गोळ्या मिळत नव्हत्या, त्याही पलटणीला जात होत्या. ताप उतरलेल्या वेळी ती येऊन बसायची. बनुबाई ओरडायची, "अगं, मर की जरा निजून!" ती म्हणायची, "निजले तर खाऊ काय?" एकदा मूठ धरूनच तिने डोकं माझ्या चाकावर टेकलं. तिच्या कपाळाची धग माझ्या फळीला लागली. बनुबाईने उचलून नेऊन निजवलं. त्यानंतर ती माझ्यापुढे बसली नाही.

लोणंदला सांगावा गेला. जोतीराम आला तेव्हा गल्लीने तिचं सगळं आटोपलं होतं. तो आत आला, तिच्या वाकळेजवळ बसला आणि मग त्याची नजर माझ्यावर गेली. माझ्या चातीवर अर्धी भरलेली कांडी तशीच होती. त्याने ती काढली नाही. सूत लाकडासारखं कडक होईपर्यंत तशीच राहू दिली.

तो लोणंदला परत गेला नाही. पुढे लढाई संपली, सुतावरचा कंट्रोल थोडा सैल झाला आणि त्याने माग झाडला, उभ्या सुताचा ताणा लावला. पण कांड्या भरणार कोण? तो स्वतः माझ्यापुढे बसला. त्याची बोटं मुठीवर मावेनात. ती त्याच्या मापाची नव्हतीच. दोन कांड्या भरल्या, दोन्ही धोट्यात गेल्यावर ढासळल्या. शेवटी त्याने बनुबाईला बोलावलं.

"भरशील का?"

"भरीन की. आप्पासो देत्यात तीच मजुरी द्या."

"मजुरी?" तो म्हणाला. "रंगूनं कवा मागितली न्हाई."

"ती तुमची बायकू हुती," बनुबाई म्हणाली. "मी हाय व्हय?"

तिने मजुरी घेतली आणि रहाटही स्वतःचाच आणला. मला ओसरीच्या कोपऱ्यात उभं केलं. माझ्या चाकाच्या आऱ्यांवर कोंबड्या बसू लागल्या. जोतीराम विणत होता, पण लुगड्याचा काठ कुठे ओढलेला, कुठे सैल यायचा. कऱ्हाडच्या व्यापाऱ्याने एकदा काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हात बिघडला का रं तुझा?" जोतीराम लुगडी खांद्यावर टाकून परत आला.

एके दुपारी बनुबाई आत कांड्या भरत होती आणि आप्पासो ओसरीवर आले. तंबाखू मळत म्हणाले, "जोतीराम, किती दिवस असा काढणार गड्या? माझ्या मेव्हण्याची पोरगी हाय. लगीन लावून घेऊन ये. घरात कांड्या भराय कुणीतरी नगं का? बाईबिगर माग चालतोय व्हय कुठं?"

जोतीराम मागाच्या खड्ड्यात बसला होता. त्याने धोटा थांबवला.

"आप्पासो," तो म्हणाला, "तुमी तर म्हणाला हुता, नुसतीच फिरवती."

आप्पासोंना आधी आठवलंच नाही. मग आठवलं आणि ते हसले. "आरं, ते सायबाला सांगायचं असतंय. ते काय खरं असतंय व्हय?"

"मग खरं काय असतंय?"

"खरं आपल्याला ठावं असतंय की! ते काय बोलायचं असतंय?"

जोतीराम खड्ड्यातून वर आला. मागावर अर्धं लुगडं होतं. त्याने कात्री घेतली आणि ताणा आडवा कापून टाकला. कोष्टी माणूस उभा ताणा कधी कापत नाही. आप्पासो दचकून उठले. "आरं येडा का खुळा? काय केलंस हे?"

"तुमी जावा, आप्पासो," जोतीराम म्हणाला. "माझ्या घरात आता विणकामातलं कुणी न्हाई. कुणी इचारलं तर तसं सांगा. ह्या वक्ताला खरं हाय."

तो पुन्हा लोणंदला गेला तो कायमचा. घराला कुलूप लागलं. बनुबाईने मला तिच्या ओसरीवर आणलं. तिथेच तुम्ही मुलं येता, मला खेळायला फिरवता, माझ्या आऱ्यांत काड्या अडकवता. त्यामुळेच एक आरा मोडला. तुमच्यावर माझा राग नाही.

राग जोतीरामवर आहे. त्याने ताणा कापला तरी राग गेला नाही. तो दुष्ट नव्हता. त्याला तिच्या हाताचं माप माहीत होतं, तिची कांडी माहीत होती, तिची करपलेली भाकरी माहीत होती. माहीत असून त्याने ते नाकारलं, म्हणूनच तो दगा होता. ज्याला काही माहीतच नाही, तो दगा देऊ शकत नाही. आणि तो खरं बोलला तेव्हा ऐकायला आप्पासो होते, बनुबाई होती, मी होतो. जिने ऐकायचं होतं ती नव्हती.

मित्रांनो, मला तेल लावा, मोडलेला आरा बसवा, असं मी मागितलं असतं. पण एक चाक दुरुस्त करून काय होणार? दुसरंच मागतो. तुमच्या दारात कधी कोणी विचारायला येईल, किंवा पाहुणाच सहज विचारेल, की तुमच्या घरात काम कोण करतं. तेव्हा दारात कोण उभं आहे ते बघू नका. आत वळून बघा. जिचा हात चालू असेल तिचं नाव घ्या. मोठ्याने घ्या. ती आत आहे, ऐकते आहे, तोवर घ्या.